सुधागडावर आईला घेऊन भोराईच्या दर्शनाला: कोणती वाट, कोणता महिना?

रानवारा

नमस्कार मंडळी. आमची कुलदेवी सुधागडावरची भोराई. घरात टाक आहे, नवरात्रात घट बसतात, पण प्रत्यक्ष गडावर गेलेली आमच्या घरातली शेवटची माणसं म्हणजे आजोबा-आजी. आता पुतण्याचं लग्न ठरलंय, आणि लग्नाआधी गडावर जाऊन देवीची ओटी भरायचीच असं आईने जाहीर केलंय. आईचं वय ६३. बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण रोज सकाळी तासभर चालते. मी स्वतः सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलोय, पण माझं फिरणं घाटमाथ्यावर, पाली-सुधागड पट्टा राहूनच गेला.

नेटवर वाचलं तर पाच्छापूर-ठाकूरवाडीची वाट जवळची आणि धोंडसेची लांबची, एवढंच सगळे एकमेकांचं बघून लिहितात. ज्येष्ठ माणसाला घेऊन गेलेलं कुणी आहे का? वाडय़ात किंवा देवळात मुक्काम करावा का? महिना कोणता? आणि ओटीचं साहित्य वर मिळतं की खालून न्यायचं?

घाटमाथा

जवळची म्हणजे सोपी नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. ठाकूरवाडीहून धडधाकट माणूस दीड ते दोन तासांत माथ्यावर पोचतो, कारण ती वाट सरळ अंगावर येते. मध्ये कातळटप्प्यावर लोखंडी शिडी आहे. धोंडसेकडून अडीच-तीन तास, पण चढ पसरलेला, बराचसा झाडीतून, आणि शेवटी तुम्ही महादरवाजातून गडात शिरता. गडाचा राजमार्ग तोच. गडाची उंची सुमारे ६०० मीटर, पण पायथा जवळजवळ कोकणाच्या पातळीवर असल्यामुळे बहुतेक सगळी उंची पायांनीच मोजावी लागते. घाटमाथ्यावरून किल्ले करणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. तोरणा १,४०० मीटर म्हणून मोठा वाटतो, पण वेल्हे मुळात उंचावर आहे.

आईंसाठी माझं मत धोंडसे.

खडकवाट

घाटमाथा यांच्याशी असहमत. शिडी म्हटलं की लोक उगाच बिचकतात. मजबूत आहे, धरायला कठडा आहे. ठाकूरवाडीतल्या बायका डोक्यावर ओझं घेऊन चढतात-उतरतात. आणि जवळच्या वाटेचा मोठा फायदा असा की काही बिनसलं तर वस्ती लगेच खाली. धोंडसेच्या रानात अर्ध्या वाटेवर गुडघा बसला तर माणसं बोलवायलाच तास जाईल.

घाटमाथा

ठाकूरवाडीतल्या बायकांचे दाखले देऊ नका हो. त्या रोज चढतात. रानवारांच्या आईला चढताना काहीच वाटणार नाही, प्रश्न उतरतानाचा आहे. दमलेल्या पायांनी, दुपारच्या उन्हात तापलेल्या शिडीवर, पाठमोरं होऊन खालची पायरी चाचपडायची. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला चढण दमवते आणि उतार दुखावतो. वस्ती जवळ असल्याचा मुद्दा मात्र मान्य.

माजघर

मी या फंदात फारशी पडत नाही, पण ओटीचा विषय निघाला म्हणून लिहिते. रानवारा, लग्नाआधी देवीला मान असतो तो पहिल्या पत्रिकेचा. पत्रिका, अक्षता, विडा-सुपारी देवीपुढे ठेवायची. हे घरातलं कुणीही करू शकतं. लग्नानंतर नवी जोडी दर्शनाला जाते, तेव्हा नवी सून ओटी भरते. आमच्याकडे तरी असंच. म्हणजे आईंना गड चढणं झेपणार नसेल तर काहीच अडत नाही. घरच्या टाकासमोर संकल्प करायचा आणि ओटी जोडीबरोबर पाठवायची.

पण तुम्ही लिहिलंय तसं त्यांनी जाहीर केलं असेल, तर हा शास्त्रार्थ त्यांना ऐकवायला जाऊ नका. उपयोग होणार नाही.

साहित्य सगळं पालीतून घ्या. बल्लाळेश्वराच्या देवळाबाहेर पूजेची दुकानं आहेत. खण किंवा साडी, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, पिशवीत फुटतात. तेलाची छोटी बाटली आणि वाती विसरू नका. वर दिवा लावायला गेल्यावर तेल नसतं ही नेहमीची गोष्ट. हार न्यायचा तर ओल्या फडक्यात.

रानवारा

माजघर, मनापासून आभार. शास्त्रार्थ एकदा ऐकवून झालाय. "मी जाणार आहे, तुला यायचं तर ये" असं उत्तर मिळालं.

कातळकोरा

भोराईच्या देवळाबद्दल थोडं. धाग्यात अवांतर वाटलं तर सोडून द्या.

भोराई ही भोरच्या पंतसचिवांचीही कुलदेवी. छत्रपती राजारामांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, आणि पुढे भोर संस्थान म्हणून जे ओळखलं गेलं त्याचा पाया त्यांचा. सुधागड संस्थानाकडे राहिला तो १९४८ साली संस्थानं विलीन होईपर्यंत. गडावरचा चौसोपी वाडा, ज्यात बहुतेक ट्रेकर मुक्काम करतात, तो सचिवांचाच, १७०५ चा सांगतात. संस्थानाचं लक्ष होतं म्हणून या गडावर इतक्या गोष्टी शाबूत दिसतात. शेजारच्या कितीतरी किल्ल्यांचे दरवाजे आणि पायऱ्या १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या.

देवळासमोर दगडी दीपमाळ आहे, आणि आवारात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या बायकांचे) भरपूर आहेत. या वाचायला शिका. वीरगळात सहसा खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला घेऊन जाताना, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: जोवर ते आहेत तोवर कीर्ती राहो. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. लोक यांच्यावर बसून पोहे खातात. एकाला उठवलं तर म्हणाला, "काका, नुसता दगड आहे." कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांची आठवण आहे ती. रानवारा, तुमच्याच घराण्यातली एखादी निघायची.

भरघाव

कातळकोरा, छान माहिती. पण एक सांगा, महादरवाजा रायगडच्या महादरवाजाची नक्कल आहे असं सगळे लिहितात, ते कितपत खरं?

कातळकोरा

नक्कल हा शब्द जरा सैल आहे. बांधणीची जात एक, गोमुखी. दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत इतका आत दडवलेला असतो की खालून बघणाऱ्याला सलग तटच दिसतो. वाट बुरुजाला वळसा घालून आत येते, त्यामुळे दार फोडायला आणलेल्या हत्तीला किंवा ओंडक्याला धाव घ्यायला सरळ जागाच मिळत नाही, आणि वळणावर आलेला शत्रू दोन्हीकडून वरच्या माऱ्यात सापडतो. तोफेलाही सरळ नेम धरता येत नाही. सुधागडाला हे फार डौलात साधलंय. धोंडसेच्या वाटेने गेलात तर दरवाजापाशी पोचूनही पहिल्यांदा तो दिसत नाही. मुद्दाम थांबून शोधा, मुलांना तर फारच मजा येते.

ठाकूरवाडीच्या वाटेने गेलेल्यांची महादरवाजाची भेट बहुतेकदा हुकते, कारण ते पाच्छापूर दरवाजातून वर येतात आणि महादरवाजा बघायला पुन्हा खाली उतरावं लागतं. दमलेला माणूस म्हणतो, पुढच्या वेळी.

घाटमाथा

बघा, म्हणजे धोंडसेच.

खडकवाट

हो हो, जिंकलात. पण शिडीला इतिहास आहे बरं का. १६४८ साली गड स्वराज्यात आला तो शिड्या लावूनच. मालवजी नाईक कारके यांनी शिडी लावली आणि मागून मंडळी चढली, असा उल्लेख आहे. तेव्हा आमच्या वाटेला कमी लेखू नका.

कातळकोरा

खडकवाट :) आणि पायथ्याचा परिसरही मोठ्या घडामोडींचा आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला तो याच मुलखात, आणि दोघांची भेट झाली ती गडाखाली पाच्छापूरला. त्याच वर्षी संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात सामील ठरलेल्या अण्णाजी दत्तो वगैरे मंडळींना हत्तीच्या पायी दिलं, तेही याच भागात. पालीहून येताना गाडीतून जे शांत भातशेतीचं खोरं दिसतं ना, तिथे एका वर्षात एवढं सगळं घडून गेलंय.

पाणवठा

मुक्कामाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. देवळात मुक्काम करू नका. वाडा आहे, तिथे करा, आणि मुळात आई बरोबर असताना करायचाच का, याचा विचार करा.

माझं मत जरा कडक आहे, आधीच सांगतो. देऊळ म्हणजे फुकटची धर्मशाळा नव्हे. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात, राजगडावर पद्मावतीच्या देवळात पिढ्यान् पिढ्या लोक झोपत आले, ती सह्याद्रीतली जुनी सोय आहे, नाकारत नाही. पण तेव्हा माणसं मोजकी येत. आता सुट्टीच्या आदल्या रात्री पन्नासचा गट येतो, गाभाऱ्याच्या तोंडाशी मॅगी शिजते, दोरीवर ओले मोजे वाळतात, आणि पहाटे गावातला माणूस दिवा लावायला आला की त्याला पथाऱ्या ओलांडत आत जावं लागतं. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

घाटमाथा

पाणवठा, भावना समजली, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. पावसात अडकल्यावर देवळाने रात्रभर आसरा दिला म्हणून धड घरी आलेले कितीतरी लोक आहेत. गावकऱ्यांनीच "देवळात झोपा" म्हणून सांगितल्याचं मी ऐकलंय. त्यांना विचारून, चपला बाहेर काढून, गाभाऱ्यापासून लांब, स्वयंपाक बाहेर, सकाळी झाडून निघायचं. एवढं पाळलं तर देवीलाही चालतं आणि गावालाही.

पाणवठा

"त्यांना विचारून" हेच तर म्हणतोय. किती गट विचारतात?

माजघर

विचारण्याचंच बोलायचं तर रानवारांनी दर्शनासाठीही विचारून जावं. गडावरची देवी असली तरी तिचं सगळं करणारी माणसं खालच्या गावातली. पूजा कोण करतं, देवळाला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे, त्या दिवशी गावात सुतक किंवा काही कार्य आहे का, हे आधी कळलेलं बरं. एवढा गड चढून बाहेरूनच हात जोडायची वेळ यायला नको. आदल्या आठवड्यात एक चक्कर मारा, किंवा कुणाकडून तरी निरोप धाडा. आणि पूजेला येणाऱ्याच्या हातावर दक्षिणा ठेवताना हात आखडता घेऊ नका. तो तुमच्यासाठी अख्खा गड चढून येणार आहे.

रानवारा

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी वाट, शिडी, पाणी यातच अडकलो होतो. या रविवारी धोंडसेला जाऊन येतो.

महिना सांगा ना कुणीतरी. आईच्या मनात नवरात्र आहे.

खडकवाट

नवरात्रात वर्दळ असते, गावोगावची माणसं वर येतात, वातावरण झकास. पण आईंना घेऊन नको. एक तर त्या दिवसांत वाट कधी पूर्ण सुकलेली नसते, शेवाळलेले दगड असतात. गवत कमरेएवढं, त्यात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही, आणि फुरसं (विषारी साप) असल्या गवतात आणि दगडांच्या फटीत बसलेलं असतं. त्यात पावसाने उघडीप दिली की कोकणातला दमट उकाडा. त्या हवेत निम्मी ताकद घामातच जाते.

घाटमाथा

इथे मात्र खडकवाटांशी शंभर टक्के सहमत. मार्गशीर्ष-पौष, म्हणजे डिसेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा. गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं, वाट उघडी, हवा कोरडी, टाक्यांना पाणी. फेब्रुवारीनंतर ऊन चढतं. गडाचा माथा म्हणजे प्रचंड पठार आहे, तिथे सावली तुकड्या-तुकड्यांनीच.

पावसाळ्याचं नावही काढू नका. ढग उतरले की त्या पठारावर वाडा कुठे, देऊळ कुठे आणि दरवाजा कुठे, माहीतगारालाही उमगत नाही. सगळीकडे सारखंच हिरवं.

दिवसाचा हिशोब असा धरा: आदल्या रात्री पालीत मुक्काम. भक्तनिवास आणि लॉज आहेत. पहाटे गाडी धोंडसेला, उजाडता उजाडता चालायला सुरुवात. आईंच्या पावलाने चार तास धरा, चाराचे पाच झाले तरी बिघडत नाही. दुपारी बाराच्या आत देवीपुढे. पूजा, नैवेद्य, जेवण, तासभर आडवं होणं. दोनला उतरायला लागायचं म्हणजे अंधाराच्या आत हमखास खाली. मुक्कामाचा विषयच संपतो.

भरघाव

मी म्हणतो ठाकूरवाडीने चढून धोंडसेने उतरलं तर? शिडी फक्त चढायची, उतरायला सोपी वाट. दोन्ही वाटा बघून होतात आणि महादरवाजाही उतरताना लागतो.

खडकवाट

हे एकदम पटलं. गाडी तेवढी ड्रायव्हरने ठाकूरवाडीहून धोंडसेला आणून ठेवायला हवी.

घाटमाथा

कल्पना चांगली, पण चढताना शिडीपर्यंतचा चढ आईंच्या छातीवर येईल, बीपी आहे हे विसरू नका. ठरवायच्या आधी त्यांना एखाद्या चढावर तासभर चढवून बघा. पर्वती नको, पायऱ्यांचा अंदाज वेगळा असतो. सिंहगडाच्या पायवाटेने अर्ध्यापर्यंत न्या, आणि खाली उतरल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो ते विचारा. चढल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी.

आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीची वेळ मागेपुढे करू नका. उपास करून चढायचं असं त्यांच्या मनात असेल तर ते मोडून काढा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खजूर, गूळ-शेंगदाणे असं दर अर्ध्या तासाने पोटात जायला हवं.

माजघर

उपासाचं मी सांगते कसं मोडायचं. "ओटी भरेपर्यंत अन्न नको, फराळ चालतो" असं म्हणा. राजगिऱ्याचे लाडू, केळी, शेंगदाण्याची चिक्की हे सगळं फराळात बसतं. त्यांचाही मान राहतो आणि चक्करही येत नाही.

पाणवठा

पाणी माणशी तीन लिटर. वर टाकी आहेत, पण आईंना टाक्याचं पाणी न गाळता-उकळता देऊ नका. गावातला एखादा पोरगा वाटाड्या म्हणून घ्या. तो सामानही घेईल, हातही देईल. पैसे आधीच बोलून ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या.

अजून एक. या रानात आग्या मोहोळं असतात. अगरबत्ती, कापूर, धूप जे काही करायचं ते देवळात, कड्याच्या किंवा झाडांच्या खाली नाही. आईंना त्या दिवशी अत्तर आणि सुगंधी गजरा नको म्हणावं.

माजघर

देवीला जाताना गजरा नको? पाणवठा, हे तुम्हीच त्यांना सांगा, रानवारांचा जीव धोक्यात घालू नका. गजरा डब्यात घालून न्या आणि देवळात गेल्यावर माळा.

पाणवठा

मान्य. डब्यात न्या.

भरघाव

कोरीगडाची कोराई, शिवनेरीची शिवाई, घनगडाची गारजाई, राजमाचीचा बहिरोबा... प्रत्येक गडाला आपलं दैवत. यातल्या बऱ्याच ठिकाणी गड ओस पडले, तोफा गंजल्या, पण दिवा लावायला माणूस अजून चढतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात सुधागड नाही. एका परीने बरंच झालं म्हणायचं, गर्दी तिकडे वळेल.

कातळकोरा

भरघाव, गर्दी वळली तरी वाडा, तट आणि तो महादरवाजा यांची डागडुजी कुणी करायची, हा प्रश्न उरतोच. गर्दी नको म्हणणं सोपं आहे, पण पैसाही तिच्याच मागे जातो. असो, त्यावर वेगळा धागा काढू.

रानवारा

धोंडसेला जाऊन आलो. गावातल्या जाणत्या मंडळींशी बोललो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वाट कशाला विचारता, आईंचं माहेरचं गाव कोणतं?" आणि मग तासभर नातीगोतीच निघाली. पूजेचं ठरलं, बरोबर दोन पोरं येणार आहेत. मंगळवार किंवा शुक्रवार धरा म्हणाले. डिसेंबरातला शुक्रवार ठरवलाय. चढ-उतार दोन्ही धोंडसेनेच. खडकवाट, माफ करा.

एक शंका राहिली. जाणत्यांपैकी एकजण म्हणाले, खुर्चीला बांबू बांधून डोली तयार ठेवू, लागली तर. आईला हे सांगितलं तर ती चिडेल, नाही सांगितलं आणि वाटेत डोली दिसली तर जास्त चिडेल. काय करावं?

माजघर

सांगू नका. डोली आईंच्या बरीच मागून येऊ द्या, त्यात पूजेचं सामान ठेवा. सामानासाठी आणलीय म्हणा.

खडकवाट

माफ केलं. पण पुतण्याची जोडी लग्नानंतर जाईल ना, तिला ठाकूरवाडीने पाठवा.